पिंजरा नाही गं आई, क्रेट आहे

शाई, म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी यायची होती त्याच्या आदल्या दिवशी क्रेट आला, तिला आत झोपवायचं दार असलेलं जाळीचं खोकं. नवरा हॉलच्या मधोमध फतकल मारून जाळ्या एकमेकींत अडकवत बसलेला, एकदा बोट चिमटून झालेलं, आणि आई दारातच थबकली. "हे काय गं, पोपट आणताय की बिबट्या?"

पिंजरा नाही गं आई, क्रेट आहे, मी म्हणाले. म्हणजे मला तेव्हा फार कळत होतं अशातला भाग नाही, आठवडाभर रात्री जागून व्हिडिओ बघितले होते त्या जोरावर मी तिला ठणकावून सांगितलं की कुत्र्यांना अशी बंदिस्त जागा मुळातच आवडते, गुहेत राहणारा प्राणी ना तो. आईने फक्त विचारलं, "आवडतं असं कोण म्हणालं? पिल्लू?" आणि पर्स ठेवायला आत निघून गेली.

शाई आता आठ महिन्यांची आहे आणि मधल्या काळात क्रेटबद्दलचं माझं मत दोनदा उलटंपालटं झालंय. आईला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं, ते आता देतेय असं समजा.

आधी त्या गुहेचं निस्तरते कारण हा मुद्दा मला जो तो ऐकवतो आणि मीही सगळ्यांना ऐकवत फिरले होते. लांडगीण पिल्लं देते तेव्हा बीळ किंवा गुहा वापरते हे खरं. पण पिल्लं साधारण दोन महिन्यांची झाली की कळप त्यांना घेऊन उघड्यावर मुक्काम हलवतो, आणि मोठे लांडगे काही ऑफिसातून घरी आल्यासारखे रोज रात्री गुहेत येऊन झोपत नाहीत. म्हणजे ज्या वयात आपण पिल्लू घरी आणून त्याला 'गुहा' देतो, बरोबर त्याच वयात लांडग्याचं पिल्लू गुहा सोडत असतं. संपला मुद्दा.

क्रेट चालतो तो वेगळ्याच कारणाने. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही, आई पोटाखाली चाटते तेव्हा होते आणि तीच ती साफ करून टाकते. मग पाय फुटले की पिल्लं धडपडत झोपायच्या जागेपासून जरा लांब जाऊन कार्यक्रम उरकायला लागतात. झोपतो तिथे घाण करायची नाही हे त्यांना कुणी शिकवत नाही. क्रेट नेमका यावर बेतलेला आहे, आणि म्हणूनच तो मोठा घेऊन चालत नाही. पिल्लाला नीट उभं राहता येईल, गोल वळता येईल आणि पाय ताणून आडवं होता येईल एवढीच जागा हवी, जास्त दिलीत तर एका कोपऱ्यात बेडरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात संडास असा वन बीएचके तयार होतो. आम्ही मोठ्या मापाचाच घेतला होता पण त्याच्यासोबत मधे लावायची एक जाळी येते, ती लावून निम्मा बंद केला आणि शाई वाढेल तशी जाळी मागे सरकवत गेलो. अडॉप्ट करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, जी पिल्लं सुरुवातीचे महिने अरुंद घाणेरड्या जागेत काढून आलेली असतात त्यांची ही सवय मोडलेली असू शकते, नाइलाजाने मोडलेली, मग क्रेटमध्ये टाकलं तरी ती बिनदिक्कत तिथेच करतात आणि लोक म्हणतात पिल्लू मठ्ठ आहे. तसं नसतं ते.

शाईचं तेवढं नशीब बरं. शेल्टरमध्ये जन्मली, चार भावंडं, आई सोबत होती, जागा स्वच्छ होती. ब्रीड विचारू नका, आम्हालाही माहीत नाही. अंग सगळं मातकट आणि शेपटीचं टोक तेवढं दौतीत बुडवून काढल्यासारखं काळं, नाव ठरवायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पहिली रात्र मात्र आम्ही पार वाया घालवली. दुपारी आली तेव्हा सव्वादोन महिन्यांची, तीन किलोपेक्षा थोडी कमी, दिवसभर तिला कुणी खाली ठेवलं नाही, क्रेटकडे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि रात्री अकराला ती नवऱ्याच्या मांडीवर झोपली तशीच उचलून आत ठेवली, कडी लावली, लाइट बंद केला आणि आम्ही बेडरूममध्ये. क्रेट हॉलमध्ये. आत्ता लिहितानाही लाज वाटते. आदल्या रात्रीपर्यंत जे पिल्लू चार गरम अंगांच्या ढिगात झोपत होतं त्याला अंधारात, अनोळखी घरात, लोखंडी जाळीत, एकटं.

एकच्या सुमाराला सुरू झालं. आधी कुईं, मग कुईं कुईं, मग ते आवाज एकमेकांत मिसळून एक लांब सूर, मधे श्वास घेण्यापुरतं थांबायचं. व्हिडिओत सांगितलेलं की उठू नका, उठलात तर तिला कळेल की रडलं की माणूस येतो. आम्ही दोघं छताकडे बघत पडून होतो. चाळीस मिनिटं. मग एकदम शांतता, नवरा म्हणाला बघ, जमलं.

सकाळी उठून बघतो तर टॉवेलभर शी झालेली, जाळीला लागलेली, आणि टॉवेलचा एकच कोपरा कोरडा राहिला होता, तळहाताएवढा. त्या तळहाताएवढ्या तुकड्यावर चारही पाय गोळा करून ती उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. म्हणजे रात्री ती रडत नव्हती हो, ती सांगत होती की मला बाहेर जायचंय, चाळीस मिनिटं सांगत होती, आणि आम्ही तिला ट्रेनिंग देत होतो.

त्या दिवसापासून शाई क्रेटच्या दोन हातांवरून वळसा घालून जायला लागली. भिंतीला घासत जायची पण क्रेटजवळून नाही.

मग आम्ही सगळं शून्यापासून केलं आणि या वेळेला व्हिडिओंपेक्षा तिच्याकडे जास्त बघितलं. क्रेट उचलून बेडरूममध्ये आणला, माझ्या उशीशी, हात लांब केला की जाळीतून बोट आत जाईल इतका जवळ. दार नाडीने बाजूला बांधून टाकलं, म्हणजे चुकूनही कुणी लावायचं नाही आणि वाऱ्याने वाजायचंही नाही. रात्री ती क्रेटशेजारी एका खोल खोक्यात झोपायची, माझा एक हात खोक्यात. आणि जेवण दिवसातून चार वेळा, चारही वेळा क्रेटपाशी. पहिल्या दिवशी वाटी क्रेटच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर. मग जरा आत, मग अजून आत. ती मागचे दोन पाय बाहेर घट्ट रोवून ठेवायची आणि मान एवढी लांब करून खायची की मला वाटायचं आता ही मधेच तुटणार. मागचे पाय आत यायला चार दिवस लागले. ते पाय आत आले त्या दिवशी आम्ही दोघांनी श्वास रोखून धरला होता, कुणीतरी शिंकलं असतं तर सगळं मुसळ केरात.

पुढे दार. ती खात असताना दार नुसतं लोटायचं, कडी नाही, आणि वाटी संपायच्या आत उघडायचं. म्हणजे तिला दार लागलं हे कळायच्या आतच ते उघडलेलं असलं पाहिजे. मग कडी लावून पाच सेकंद, दहा, तीस, मग मिनिटं, मी शेजारी जमिनीवर बसलेली. मग मी उभी, मग दारापर्यंत जाऊन परत, मग बाहेर जाऊन परत. कुठे कुरकुरली की मी समजायचे आपण घाई केली, दोन पायऱ्या मागे. यात पंधरा-सोळा दिवस गेले. सगळ्यात कामाला आला तो कडीचा आवाज, खट. खट झालं की वरून जाळीतून उकडलेल्या चिकनचा एक तुकडा पडणार, हे इतक्या वेळा केलं की आठवड्याभरात खट ऐकलं की ती बसून वर बघायला लागली, जिभल्या चाटत. खाण्याआधीचा ठरलेला आवाज ऐकूनच कुत्र्याला लाळ सुटते हे दाखवणाऱ्या पाव्हलोव्हला 1904 साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी हे मला मागे कळलं होतं तेव्हा गंमत वाटली होती, आता शाईच्या हनुवटीवरून ओघळणारी लाळ बघून वाटतं बरोबरच आहे की.

आणि ते रबरी खेळणं, काँग, आतून पोकळ, त्यात खाणं भरून द्यायचं. ज्या माणसाने ते काढलं त्याचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात घासून घ्यायचा म्हणे, आणि एकदा त्याला फोक्सवॅगन व्हॅनच्या सस्पेन्शनमधला रबरी तुकडा सापडला तर तो सोडेच ना, त्यावरून कल्पना सुचली, ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही भरून फ्रीझरमध्ये ठेवायचो, गोठलेलं चाटत बसली की वीस मिनिटांची निश्चिंती.

"रडू द्या" या सल्ल्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की रडण्या-रडण्यात फरक असतो आणि तो कान देऊन ऐकला तर तीन-चार दिवसांत कळतो. झोपेच्या आधी जरा कुरकुर करून, एक सुस्कारा सोडून पडते ते वेगळं, त्याला मी जाळीत बोट घालून गप्प पडून राहायचे. गाढ झोपेतून उठून, उभी राहून, गोल फिरत रडते ते वेगळं, तेव्हा तिला उचलून थेट बाहेर. लाइट नाही, बोलणं नाही, लाड नाहीत, काम झालं की हळूच शाबास आणि परत आत. रात्रीची ट्रिप जितकी कंटाळवाणी तितकी चांगली, नाहीतर पहाटे तीनला खेळायची सवय लागते.

महिन्यांत वय अधिक एक, इतके तास पिल्लू जास्तीत जास्त धरू शकतं असा एक हिशोब सांगतात. दोन महिन्यांचं तर तीन तास. पण ही वरची मर्यादा आहे आणि तीसुद्धा झोपेतली, जागं असलेलं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासात मोकळं होऊ शकतं. मी सुरुवातीला दीड आणि साडेचारचा अलार्म लावायचे, ती रडायच्या आधीच उठायचं, रडून उठवलं असं व्हायलाच नको. दर काही दिवसांनी अलार्म पंधरा मिनिटं पुढे. साडेचार महिन्यांची असताना ती पहिल्यांदा रात्रभर झोपली आणि मी मात्र सवयीने साडेचारला टक्क जागी.

दिवसा एक वही केली होती. हसा खुशाल. 8.10 खाल्लं, 8.25 शी. 9.40 उठली, 9.41 शू, गालिच्यावर, चूक माझी. आठवडाभर लिहिलं की पिल्लाचं टाइमटेबल आपोआप दिसायला लागतं, खाल्ल्यावर पोट भरलं की आतडी हलतात त्यामुळे पाच ते तीस मिनिटांत शी, झोपेतून उठल्याउठल्या शू, खेळून झालं की शू, आणि खेळता खेळता एकदम थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागली तर तुमच्याकडे साधारण तीन सेकंद आहेत. घरात झालं तर ओरडून काही होत नाही, नाक घासायचा सल्ला देणाऱ्याशी तर मी वादही घालत नाही आता. पुसायला एन्झाइमवालं क्लीनर घ्या आणि अमोनियावालं टाळा, कारण लघवीलाही तसाच वास असतो, पिल्लाला वाटतं इथे बोर्डच लावलाय.

एक प्रसंग सांगायलाच हवा. ती चार महिन्यांची होती, क्रेटमध्ये झोपलेली, मी बाजूला लॅपटॉपवर. एकदम धडधड आवाज, बघते तर गळपट्ट्याला लावलेल्या नावाच्या बिल्ल्याची कडी जाळीत अडकलेली, ती मागे खेचतेय, जितकी खेचतेय तितका पट्टा गळ्यात रुततोय, डोळे पांढरे. दार उघडलं पण मला बकल सापडेना, बोटं थरथरत होती, शेवटी मी तिलाच दोन्ही हातांनी जाळीकडे ढकलून धरलं तेव्हा पट्टा सैल झाला आणि कडी निघाली. दहा सेकंदांचा खेळ. मी घरात नसते तर? तेव्हापासून कानाला खडा, क्रेटमध्ये जाताना गळ्यातला पट्टा, छातीभोवतीचा हार्नेस, काही म्हणजे काही नाही, नागडी जायची. हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं म्हणून जाड अक्षरात वाचा.

क्रेटचा खरा उपयोग मला शी-शूपेक्षा झोपेत कळला. पिल्लाला दिवसाचे अठरा ते वीस तास झोप लागते. वीस! आणि ती लहान मुलासारखी स्वतःहून झोपत नाहीत, दमली की जास्त पिसाळतात. शाईचा संध्याकाळचा तासभर म्हणजे सोफ्यावरून भिंत, भिंतीवरून माझी पोटरी, दात लावून लोंबकळणार, नको म्हटलं की अजून चेव. आम्हाला वाटायचं हिची एनर्जी संपत नाही म्हणून आणखी खेळवायचो, आगीत तेल. मग लक्षात आलं की ही दुपारपासून झोपलेलीच नाहीये. मग तासभर जागी की काहीतरी चावायला देऊन क्रेटमध्ये, वर चादर टाकून अंधार, हवा जायला एक बाजू उघडी, आणि पाच मिनिटांत घोरते. चावणं निम्म्यावर आलं. मात्र चावली म्हणून रागाने क्रेटमध्ये टाकायचं नाही, मी एकदा टाकलं होतं, दार आपटून, आणि पुढचे दोन दिवस तिने माझ्याकडे क्रेटच्या दारातून जे बघितलं ते नको रे बाबा. उरलेलं चावणं दातांचं होतं, दुधाचे अठ्ठावीस पडून बेचाळीस यायचे असतात, चौथ्यापासून साधारण सातव्या महिन्यापर्यंत ते चालतं. एकदा क्रेटच्या गादीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला, तो मी डबीत ठेवलाय. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

लसींचं थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात, मग दर दोन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लस चालू देत नाहीत आणि त्या नेमक्या कधी कमी होतात ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. तोवर पार्वोची, पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या आजाराची भीती, त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून अनोळखी मातीवर सोडायचं नाही. आणि दुसरीकडे तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यातच पिल्लू जग बघून घेतं, तेव्हा जे बघितलं नाही त्याची पुढे भीती बसू शकते. मधला मार्ग म्हणजे कडेवर. मी तिला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायचे, छत्र्या, सायकली, हेल्मेट घातलेली माणसं, कचऱ्याची गाडी, प्रत्येक नव्या गोष्टीला एक ट्रीट. हात भरून यायचे. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं, त्यात आळस नको.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला असं पिंजऱ्यात बंद ठेवण्यावर कायद्यानेच निर्बंध आहेत, प्रवासासारखी कारणं सोडून. हे मला कळलं तेव्हा आधी रागच आला, एवढं सगळं करून आम्ही काय गुन्हेगार का, आणि मग विचार केला की तिथेही पिल्लं शी-शू शिकतातच की, झोपतातही. म्हणजे क्रेटशिवाय अडत नाही. एखादी छोटी खोली, दाराला आडवं फाटक, किंवा मोकळं कुंपण, त्यानेही होतं, लक्ष जास्त द्यावं लागतं एवढंच. आम्हाला क्रेट कामाला आला तो रात्री, दुपारच्या झोपेला, गाडीतून जाताना, आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उड्या बंद सांगितल्या तेव्हा, त्या दहा दिवसांत तर फारच. पण सकाळी नऊला कडी लावून संध्याकाळी सहाला उघडायची असेल तर त्याला क्रेट ट्रेनिंग म्हणू नका, आणि पिल्लूही आत्ता आणू नका. काही कुत्र्यांना बंद जागेचा खरंच धसका असतो, जाळी चावून दात तोडून घेतात, त्यांच्यावर हा प्रयोग ताबडतोब थांबवून जाणकाराकडे जायचं. शाई तशी असती तर आम्ही क्रेट देऊन टाकला असता.

सहाव्या महिन्यात मधली जाळी काढली. सातव्यात एकदा साफ करताना दारच बिजागरीतून काढलं ते परत लावलंच नाही, गच्चीवर पडलंय. रात्री साडेनऊ झाले की आम्ही टीव्ही बघत असलो तरी ती उठते, आमच्याकडे एकदा बघते आणि स्वतःच आत जाऊन गोल गोल तीन चकरा मारून धप्पकन पडते, हनुवटी क्रेटच्या काठावर आणि शेपटीचं काळं टोक बाहेर.

परवा आई आली होती. दोन दिवस चष्म्याचं घर सापडेना, सगळं घर उलटं केलं. शेवटी तीच गुडघ्यांवर बसून क्रेटमध्ये डोकावली, हात घातला. माझा एक मोजा, रिमोटच्या सेलचं झाकण, नवऱ्याचं हरवलेलं पेनाचं टोपण आणि सगळ्यात मागे, गादीखाली, चष्म्याचं घर. शाई शेजारी बसून हे सगळं बाहेर येताना बघत होती. आईने घर पुसलं, उघडून आतला चष्मा लावला, मोजा मला दिला, आणि झाकण नि टोपण परत गादीखाली ठेवून दिलं.

"असू दे तिला," म्हणाली.